सातव्या खणातलं कोऱ्हाळे

विजयसिंह बोराटे यांची चूक म्हटली तर एवढीच, की त्यांनी तक्ता केला.

तक्ता केला नसता तर कुणाला काही कळलंच नसतं. यंत्र आलं होतं, कपाटात बसलं होतं, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि नीराकाठ सहकारी साखर कारखान्यात एखाद्या वस्तूचा दिवा हिरवा असला की तिच्याबद्दल पुढे कुणी काही विचारत नाही. पण बोराट्यांना कागदाशिवाय करमत नाही. त्यांनी तक्ता केला, पट्टीने रेघा मारल्या, खाली 'माहितीस्तव सविनय सादर' असं लिहिलं आणि एक प्रत संचालक मंडळाकडे धाडली. माहितीस्तव धाडलेला कागद कुणीही वाचत नाही, या एका श्रद्धेवर आपल्याकडच्या निम्म्या कचेऱ्या उभ्या आहेत. बोराट्यांचीही ती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला शंभूराज आबा संगणक विभागात आले. आबा म्हणजे कोऱ्हाळे गटाचे संचालक आणि कर्मचारी समितीचे अध्यक्ष. वय बहात्तर, आवाज पंचविशीतला. दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी आहे. ती आबांनी सावकाश वाचली आणि वहाणांसकट आत आले. हातात तक्ता होता.

"बोराटे, आमी सात नंबर?"

"आबा, बसा ना."

"बसतो की. कितव्या खुर्चीवर बसू ते तेवढं सांगा."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. कारखान्याचं कार्यक्षेत्र कोऱ्हाळे बुद्रुकपासून पार लोणी देवकरपर्यंत, म्हणजे बारामतीच्या अलीकडून इंदापूरच्या पलीकडे पसरलेलं आहे. नकाशा काढताना कुणाचा तरी हात घसरला असावा. या पट्ट्यात आठ गट, आठ गट कार्यालयं. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा याची चिठ्ठी पूर्वी मोटारसायकलवरून जायची आणि वाटेत कुणाकुणाच्या ओट्यावर थांबत थांबत पोचायची. आता ती कारखान्यातून निघून थेट गट कार्यालयातल्या प्रिंटरवर छापली जाणार होती. त्यासाठी हे यंत्र, ज्याला राउटर म्हणतात, आणलेलं. त्याला आठ खण. प्रत्येक खणात एक कार्ड, प्रत्येक कार्डाला एका गटाची वायर. यंत्राची खोड अशी, की प्रत्येक गटाला चार आकड्यांचा एक पत्ता मिळतो आणि त्यातला तिसरा आकडा म्हणजे खणाचा नंबर. कार्ड कुठल्याही गावचं असो. ज्या खणात बसेल त्या खणाचा पत्ता ते मुकाट्याने घेतं आणि पलीकडच्या गट कार्यालयालाही घ्यायला लावतं.

बोराट्यांनी वायरी जशा हाताला लागल्या तशी कार्डं बसवली. सणसर पहिल्या खणात गेलं, कोऱ्हाळे सातव्या.

"आबा, हा क्रम नाही, ही नुसती जागा आहे."

"जागा म्हंजी क्रमच की. पंगतीत सातव्या पाटावर बसलं तर वाढपी येईस्तवर भात गार झालेला आसतुय."

"यात वाढपी सगळ्यांना एकदमच वाढतो, आबा. सेकंदाचाही फरक नाही."

"मग सणसरला एक नंबर कशापायी?"

"त्यांची वायर भिंतीतल्या भोकाच्या जवळ होती."

"सणसरची वायर जवळ व्हती." आबांनी हे वाक्य एखाद्या साक्षीदाराच्या तोंडचं असावं तसं तोललं. "बरं. ह्या कारखान्याचा पयला सभासद कोऱ्हाळ्याचा. पयली मोळी टाकली ती कोऱ्हाळ्याच्या उसाची. आन् यंत्रात आमी सातवं. लोकं इचारत्यात, आबा, तुमी हायसा का गेलासा?"

तक्ता धाडून तीनच दिवस झाले होते आणि तो फक्त संचालकांकडे गेला होता. त्यामुळे विचारणारी लोकं कोण हे विचारावं असं बोराट्यांना वाटलं. पण आबा उठले होते. दारात थांबून ते म्हणाले, "इषय चौदा वाचलाय मी. वाचून बाजूला ठिवलाय."

विषय क्रमांक चौदा म्हणजे बोराट्यांची अकरा वर्षं. अकरा वर्षांपूर्वी संगणक विभागाचे जुने प्रमुख नोकरी सोडून गेले तेव्हा 'तूर्त बोराटे बघतील' असं ठरलं, आणि बोराटे बघायला लागले ते अजून बघतच होते. हुद्दा 'प्रभारी प्रमुख'. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि खुर्ची अर्धी. सही करताना नावाखाली 'प्रभारी' लिहावं लागतं, आणि ते लिहिता लिहिता अकरा वर्षांत अक्षर वळणदार झालं, एवढाच फायदा. मेहुण्याच्या लग्नपत्रिकेत बोराट्यांचं नाव छापताना सासऱ्यांनी कंसात 'प्रभारी' छापलं होतं. त्यांचा उद्देश चांगला होता. आता हंगाम सुरू झाल्यावरच्या पहिल्या सभेत त्यांना कायम करण्याचा विषय होता. तो मांडणार कर्मचारी समिती. म्हणजे आबा.

बोराट्यांनी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला पुण्याला फोन लावला. सौरभ नावाचा इंजिनियर बोलला.

"सर, सोपं आहे. कोऱ्हाळ्याचं कार्ड वायरीसकट पहिल्या स्लॉटला टाका, सणसरचं सातव्याला. चिठ्ठ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीत दोन आकडे बदला. दहा मिनिटांचं काम."

"बरं."

"पण सर, का?"

बोराट्यांनी आभार मानून फोन ठेवला. काही गोष्टी पुण्याच्या माणसाला फोनवर सांगता येत नाहीत.

दहा मिनिटांचं ते काम पाच आठवडे चाललं. कोऱ्हाळे वर आणायचं तर सणसर खाली जाणार, आणि सणसरलाही संचालक होते व त्यांनाही वाचता येत होतं. कार्यकारी संचालकांनी, म्हणजे एम.डी.साहेबांनी, फायलीवर लिहिलं, 'एका गटाची जागा बदलल्यास इतर गटांवर होणाऱ्या परिणामांची टिप्पणी सादर करावी.' टिप्पणी शेतकी विभागाकडे गेली. तिच्यात जागावाटपाचा उल्लेख दिसताच शेतकी विभागाने ती सिव्हिल विभागाकडे ढकलली. सिव्हिलने क्षेत्रफळ विचारलं. बोराट्यांनी अडीच सेंटिमीटर गुणिले एकोणचाळीस सेंटिमीटर असं कळवलं. त्यावर सिव्हिलने 'एवढ्या जागेत बांधकाम करता येणार नाही' असा अभिप्राय दिला आणि फाईल दुरुस्तीसाठी परत आली. बोराट्यांनी तिला वहीत आवक क्रमांक दिला. वहीत निदान आकडे एकापुढे एक येतात आणि कुणी तक्रार करत नाही.

बारामतीत ते राहतात त्या सोसायटीत खालच्या मजल्यावर इकबालभाई शेख राहतात. चौतीस वर्षं पोस्टमन होते. संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देतात. बोराट्यांचा चेहरा पाहून त्यांनी हाक मारली.

"काय बोराटेसाहेब, कारखाना तुमच्या डोक्यावर बांधलाय का?"

बोराट्यांनी सगळं सांगितलं. इकबालभाईंनी पत्त्याचं प्रकरण म्हटल्यावर चष्मा पुसून परत घातला.

"हे बघा. पत्ता माणसाचा कधीच नसतो. दाराचा असतो. तेरा नंबरच्या घरात आज देशपांडे ऱ्हातात, उद्या बागवान ऱ्हातील. मी टपाल तेराला टाकणार. आत कोण हाय त्याची मला काय पंचाईत?"

"अगदी हेच. यंत्राचंही अगदी हेच आहे."

"मग हे तुमच्या आबांना सांगा की."

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणतात, आम्हाला एक नंबरच्या घरात राहायचंय."

इकबालभाईंनी विचार केला. "मग द्या बाबा. पोस्टमनला काय, थैली तेवढीच." आतून त्यांच्या बायकोने, गौहरभाभींनी, खिडकीतून विचारलं, की एवढे पत्ते आहेत तर पिनकोड कुणाचा घातलाय, बारामतीचा का इंदापूरचा? बोराटे म्हणाले, विचारून सांगतो. आणि खरंच घाबरले; कारण हा प्रश्न सभेत कुणाला सुचला तर आणखी पाच आठवडे जाणार होते.

शेवटी चेअरमन राजवर्धनदादांनी 'खण वाटप उपसमिती' नेमली. दादा चाळिशीचे, शहरात शिकून आलेले. ते हसतात आणि उपसमिती नेमतात. उपसमितीत शंभूराज आबा, सणसरचे संचालक आणि लोणी देवकर गटाच्या तानूबाई. तानूबाई महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. त्यांना उपसमितीत घेतलं ते त्या काही बोलत नाहीत म्हणून. त्या बोलत नसत ही गोष्ट खरी होती. ऐकत असत, हे कुणी नोंदवलं नव्हतं.

उपसमितीने यंत्राची समक्ष पाहणी केली. कारखान्यात ए.सी. दोनच, एक चेअरमनच्या केबिनला आणि एक यंत्राला. त्यामुळे पाहणी दीड तास चालली. आबांनी कपाटात डोकावून खालून वर मोजलं, मग वरून खाली मोजलं.

"बोराटे, हे तर नऊ खण हायती."

"वरचा शून्य नंबर आहे, आबा. त्यात गटाचं कार्ड बसत नाही. ते यंत्राचं स्वतःचं कार्ड. बाकीच्या आठांना तेच चालवतं."

"म्हंजी वर शून्य, आन् समद्यास्नी त्योच चालवतुय?"

"हो."

"म्हंजी एम.डी." आबांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या मग. त्यास्नी शून्य बरोबर हाय."

सणसरच्या संचालकांनी विचारलं, की वरच्या खणाला गार हवा जास्त लागते का? बोराटे म्हणाले, सारखीच लागते. त्यांनी हात लावून खात्री केली आणि खात्री झाली नाही. तीन बैठका झाल्या. तिसरीत असं ठरलं, की जो गट कारखान्याच्या कार्यक्षेत्रात आधी आला त्याला वरचा खण. या हिशेबाने कोऱ्हाळे पहिलं आलं, सणसर दुसरं, आणि सगळ्यांत शेवटी कार्यक्षेत्रात आलेलं लोणी देवकर आठवं.

"तानूबाई, तुमची काय हरकत?" चेअरमननी विचारलं.

"आठ तर आठ," तानूबाई म्हणाल्या. "नंबरानं काय ऊस गोड हुतोय व्हय?"

त्यावर सगळे हसले. बोराटेही हसले. तेव्हा त्यांना वाटलं, या बाई आपल्या बाजूच्या आहेत.

बोराट्यांनी दोन दिवस खपून कार्डं नव्या जागी हलवली, सॉफ्टवेअरमधली यादी बदलली, प्रत्येक कार्डावर गावाच्या नावाची पट्टी चिकटवली. मग चाचणीची चिठ्ठी सोडून कोऱ्हाळ्याला फोन केला. "काय छापलं?" "कोऱ्हाळे." लोणी देवकरला केला. "काय छापलं?" "लोणी देवकर." बोराट्यांनी फोन ठेवला आणि पाच मिनिटं काहीही केलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये आबा भेटले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "इषय चौदा. बघतो मी." थाप जरा जोरात होती, पण ती मानेखाली लागली, त्यामुळे बोराट्यांनी ती चांगल्या अर्थाने घेतली.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कारखान्यात पान्या-हातोड्यापासून टर्बाइनपर्यंत सगळ्याला पाणी, कुंकू, झेंडू. यंत्राने वर्षभर आपल्यासाठी राबायचं आणि आपण त्याला एक दिवस फूल वाहायचं, यात गैर काही नाही. बोराट्यांना स्वतःलाही वर्षातून एक दिवस कुणी फूल वाहिलं असतं तर चाललं असतं. संगणक विभागाची पूजा दरवर्षी रामहरी तात्या करत. तात्या संगणक विभागाचे आणि सभागृहाचे मिळून एकच शिपाई. मार्चमध्ये निवृत्त होणार. त्या दिवशी बॉयलरजवळ सगळ्या खातेप्रमुखांचा फोटो होता. प्रभारींनाही बोलावलं होतं, मागच्या रांगेत. बोराट्यांनी कपाटाची किल्ली तात्यांच्या हातात दिली आणि जाता जाता दोन शब्द बोलले, "नीट पुसा." या दोन शब्दांची चर्चा पुढे संचालक मंडळात पाऊण तास झाली.

फोटो काढून परत आले तेव्हा कपाटाला हार होता, यंत्राला कुंकवाचं बोट होतं, आणि सगळे दिवे हिरवे होते. कार्ड कुठल्याही खणात बसवलं तरी दिवा हिरवाच लागतो. हे बोराट्यांना माहीत होतं. पण ते आठवावं असं त्या दिवशी काही घडलं नाही.

महिन्याभराने हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी पहाटे चारला पहिल्या चिठ्ठ्या सुटल्या. साडेआठला आबांचा फोन.

"बोराटे, माझ्या फडात ही कोण माणसं हायती?"

"तोडणीची टोळी असेल, आबा. तुमची पहिली चिठ्ठी आहे. आधीच सोडली मी, मुद्दाम."

"टोळी हाय ते दिसतंय मला! कुठली हाय? मुकादम म्हंतुय, आमी लोणी देवकरचं. ट्रॅक्टर घिऊन सत्तर किलोमीटर आल्यात!"

"पण तोड होतेय ना?"

"तोड हुतीया, पर ह्यांचं बिऱ्हाड तितं, कोप्या तितं, लेकरंबाळं तितं. बायामाणसं इचारत्यात, भाकरी कुठं थापायची? आमच्या मंडळीनं, द्वारकाबाईनं, बावीस माणसांचं पीठ मळाय घेतलंय. तिनं मला घरातनं भाईर काढलंय. आन् आमची टोळी कुठं हाय?"

बोराट्यांनी हळूच लोणी देवकरला फोन लावला. कोऱ्हाळ्याची टोळी तानूबाईंच्या फडात पोचली होती. दोन्ही टोळ्यांची म्हणे सकाळी भवानीनगरला गाठही पडली होती. एकमेकींना पाहून दोघींनी हॉर्न वाजवले आणि दोघींनाही वाटलं, समोरच्यांचं काहीतरी चुकलेलं दिसतंय. सरकारी शाईत छापलेल्या कागदावर आपल्याकडच्या माणसाचा विश्वास असा अढळ असतो. चिठ्ठी हातात आहे ना, मग सत्तर काय आणि सातशे काय.

दहा वाजेपर्यंत उरलेल्या सहा गटांतूनही फोन आले. आठही गटांत एकही टोळी आपल्या जागेवर नव्हती. एका ठिकाणी तर ऊस न लावलेल्या माणसाच्या बांधावर टोळी बसून होती; तो बिचारा त्यांना दाखवत होता की हे डाळिंब आहे.

बोराट्यांनी कपाट उघडलं. कार्डं इतकी स्वच्छ कधीच नव्हती. तिसऱ्या खणात झेंडूची एक पाकळी होती. आणि पहिल्या खणात, बोराट्यांनीच चिकटवलेल्या पट्टीवर, बोराट्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'लोणी देवकर'. आठव्या खणात कोऱ्हाळे. म्हणजे आबांच्या फडाची चिठ्ठी लोणी देवकरच्या प्रिंटरवर छापून तिथल्या टोळीच्या हातात पडली होती.

"तात्या!"

रामहरी तात्या आले. कपाट उघडं बघून हात जोडावेत की नाही, या विचारात उभे राहिले.

"तात्या, खंडेनवमीला ही बाहेर काढली होती?"

"व्हय. तुमीच म्हणला, नीट पुसा. भाईरनं पुसलं तर ते नीट कसं म्हणायचं? एकेक काढलं, सुक्या फडक्यानं पुसलं, धूळ बघायची व्हती सायेब तुमी! वायरीसुदीक पुसल्या."

"आणि परत बसवताना?"

"बराबर बसवली की. नावं हायती त्यावर."

"नावं आहेत हो. पण कुठल्या क्रमाने बसवली?"

तात्यांना प्रश्नच कळला नाही. क्रम एकच असतो. तो कुणी विचारतं का?

"च्याच्या," ते म्हणाले.

बोराटे खुर्चीत बसले. तात्या एकतीस वर्षं सभागृहात चहा देत होते. ट्रे कुणापुढे आधी न्यायचा, मग कुणापुढे, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. गावाचं नाव वाचलं की त्यांना त्या गावच्या संचालकाचा कप दिसत असे.

"आदी बिनसाखरेचं. तानूबाई, निमगावचं सायेब, सणसरचं सायेब. त्यो कप आदी दिला न्हाय तर मिसळतुय, मग आफत. मंग कमी साखरेचं. मंग बाकीचं. आन् शेवटाला आबा. आबास्नी तळाचा लागतुय, गोड मिट्ट."

म्हणजे उपसमितीने तीन बैठकांत, सभासदांची जुनी रजिस्टरं चाळून, ठराव करून जो क्रम लावला होता, तो खंडेनवमीच्या दिवशी संचालकांच्या मधुमेहाप्रमाणे बदलला होता. साखर कारखाना म्हटल्यावर यात तक्रारीला जागा नव्हती. बोराट्यांना हसू आलं असतं, पण विषय चौदा परवा होता.

"काय चुकलं का सायेब?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मार्चमदी सुटनार मी. आता काय कागद नगो माज्या नावावर."

बोराटे उठले आणि कपाटाशी गेले. कार्डं एकेक करून परत लावली. या खेपेला खरंच दहा मिनिटं लागली.

सभेत आधी द्वारकाबाईंनी थापलेल्या भाकऱ्यांवर चर्चा झाली. मग आबा उठले.

"बोराटे, दोन्हीतलं एक सांगा. यंत्र चुकलं का माणूस चुकला?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर ट्रे घेऊन दाराशी उभं होतं. बोराट्यांनी तात्यांकडे पाहिलं नाही. फक्त 'रामहरी' एवढं चार अक्षरांचं काम. चौकशी होईल, तात्यांचं निवृत्तीचं काहीतरी अडकेल, आणि विषय चौदा सुखरूप पुढे सरकेल. अकरा वर्षांत एवढं स्वस्त काही चालून आलं नव्हतं.

"किल्ली माझी होती, आबा," बोराटे म्हणाले. "कपाट मी उघडं सोडलं. 'नीट पुसा' हेही मीच म्हणालो. कार्डं जागेवरून हलू देऊ नका हे सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही."

एवढ्या वर्षांत सभेपुढे आपण होऊन चूक कबूल करणारा माणूस कुणी पाहिला नव्हता, आणि त्याचं काय करायचं हे पोटनियमात नव्हतं. मग 'नीट' या शब्दात काय काय येतं यावर पाऊण तास गेला.

शेवटी चेअरमन म्हणाले, "बोराटे, मुळात असं होतंच कसं? कार्डावर गावाचं नाव आहे, तरी चिठ्ठी दुसरीकडे?"

बोराट्यांना बरं वाटलं. हे त्यांना येत होतं. "दादा, पत्ता कार्डाचा नसतो. खणाचा असतो. घर नंबर तेरामध्ये आज देशपांडे राहतील, उद्या बागवान. पोस्टमन टपाल तेराला टाकतो. यंत्र फक्त जागा ओळखतं. त्या जागेवर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून जागा पक्की ठेवायची. कार्ड काय, उद्या जळलं तर दुसरं बसवता येतं."

ते फार सुरेख बोलले. आबांनीसुद्धा मान डोलावली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात एकदम शिरली. आणि तेवढ्यात तानूबाई बोलल्या.

"म्हंजी जागा पक्की पायजे. तितं बसनारं कुनी का आसंना."

"अगदी बरोबर, तानूबाई."

"मग इषय चौदाचं बी तसंच करा की. बोराटेसायबास्नी कायम करायचं का न्हाय ह्यावर उगा वाद कशाला? संगणक प्रमुखाची जागाच कायम करा. आजवर ती जागा बी तात्पुरतीच हाय म्हनं. जागा पक्की झाली की झालं. बसतील सायेब तितं, बसत्यात तसं."

त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या. बोराट्यांचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्यासाठी देवाला दिवाही लावला असता.

"वा!" आबा म्हणाले. "ह्याला म्हंत्यात डोस्कं!"

सूचक आबा, अनुमोदक सणसर. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला: 'संगणक विभाग प्रमुख ही जागा कायमस्वरूपी निर्माण करण्यात येत असून, सदर जागेवर श्री. बोराटे हे प्रभारी म्हणून पूर्ववत काम पाहतील.' बोराटे उभे राहिले आणि आभार मानले. दुसरं काय करणार? तर्क त्यांचाच होता. त्यात कुठेही फट नव्हती. ते बसल्या बसल्या दोनदा तपासून झालं होतं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको, स्वरूपा, दारातच उभी होती. तिच्या हातात पाकीट आणि पिशवी होती. मिठाईच्या दुकानात जायची तयारी.

"झालात का कायम?"

बोराट्यांनी चपला काढल्या, त्या जागेवर ठेवल्या.

"जागा झाली."

"जागा?"

"जागा कायम झाली. मी तिच्यात बसतो."

वीस वर्षांच्या संसारात स्वरूपाला एक गोष्ट कळली होती, की हा माणूस असं बोलायला लागला की पुढचं विचारू नये. तिने पिशवीची घडी घातली, मग उलगडली.

"मग पेढे आणू की नको?"

बोराट्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आण. अर्धा किलो आण. मंजूर तर झालंय."

"आणि देवापुढे कुणाच्या नावाने ठेवू?"

"खुर्चीच्या," बोराटे म्हणाले, आणि हातपाय धुवायला आत गेले.